मल्लविद्या आणि मल्लांचा धंदा

टेलिव्हिजनच्या पडद्यावर परदेशी मल्ल एकमेकांस दोरांवरून खाली फेकताना दिसतात. त्यांची ती कुस्ती खरी की लटकी, हा प्रश्न गंगापूर रोडवरील आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी नेहमी असतो. एका शब्दात त्याचे उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कुस्ती हा जसा खेळ आहे, तसाच तो पोटाचा उद्योगही आहे. आणि मल्लास पैसा कोण देतो, यावर त्याच्या कुस्तीचे स्वरूप पुष्कळ अंशी ठरते.

आपल्या देशात मल्लाचा पहिला पोशिंदा राजा होय. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांचे वय व बळ यांवरून वर्ग सांगितले असून त्यांच्या आहाराचा व व्यायामाचाही विचार केला आहे. पुढे 1894 साली कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी तालमींस उदार आश्रय दिला व 1912 साली खासबाग मैदान उभारले. मध्ये मातीचा हौदा आणि सभोवार चढत गेलेल्या बैठका अशी त्याची रचना असल्यामुळे दूरच्या प्रेक्षकासही कुस्ती स्पष्ट दिसते. अशा आश्रयदात्यास डावपेचांत निपुण असलेला, जिंकणारा मल्ल हवा असे.

तिकिटाच्या पैशावर चालणाऱ्या कुस्तीची गोष्ट निराळी. 1910 साली बेंजामिन नावाच्या व्यवस्थापकाने गामा पहिलवानास लंडनला नेले. तेथे 10 सप्टेंबर रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. झिबिस्को पोटावर पडून राहिला, तो काही केल्या उलथेना. अडीच तासांहून अधिक वेळ गेला, तरी निकाल लागला नाही. 17 सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली असता झिबिस्को आलाच नाही व मानाचा पट्टा गामास मिळाला. पुढे 1928 साली पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत त्यास चितपट केले!

वाचकहो, धंद्याची अडचण येथेच आहे. खरी कुस्ती कधी तासन्‌तास रेंगाळते, तर कधी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. आणि तिकीट काढून आलेल्या मनुष्यास दोन्ही प्रकार रुचत नाहीत. यावर अमेरिकेतील व्यवस्थापकांनी तोड काढली. फिरत्या जत्रांतील खेळांत संगनमताच्या कुस्त्या पूर्वीपासून होतच होत्या. 1920 नंतर निकाल आधी ठरवून, मध्ये नाट्य घालून बेताच्या वेळात कुस्ती संपवण्याची रीत तेथे रूढ झाली. ही गोष्ट अनेक वर्षे गुप्त राखली गेली. परंतु क्रीडामंडळाचे नियम व कर टळावेत म्हणून 1989 साली तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सी राज्यात आपला खेळ ही केवळ करमणूक असल्याचे स्वतःच सांगितले. तीच कंपनी आज डब्ल्यू. डब्ल्यू. ई. या नावाने प्रसिद्ध असून 2023 पासून ती टी. के. ओ. या मोठ्या मंडळीचा भाग आहे. तिच्या साप्ताहिक खेळासाठी नेटफ्लिक्सने केलेला दहा वर्षांचा करार पाच अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असून जानेवारी 2025 पासून तो अमलात आला.

तेव्हा निकाल आधीच ठरलेला असतो, हे खरे. परंतु उंचावरून पडणारे शरीर खरे असते व मोडणारे हाडही खरेच असते. ते मल्ल अनेक वर्षे पडण्याचा अभ्यास करतात. मधल्या सुट्टीत आपल्या सोबत्यास मानेवर उचलणाऱ्या मुलाजवळ तो अभ्यास नसतो, हे विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानी ठेवावे.

आपल्याकडे राजाश्रय सरला, तरी गावजत्रांनी कुस्ती जगवली. गाव वर्गणी काढते. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, तर शेवटच्या कुस्तीचे इनाम कधी लाखांवर जाते. भोवतालचे जाणते लोक नुरा कुस्ती तत्काळ ओळखतात व तिची हुर्यो करतात. 1961 साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. जानेवारी 2020 मध्ये पुणे येथे नाशिक जिल्ह्याच्या हर्षवर्धन सदगीर याने हा किताब मिळवला, हे आपणांस भूषणास्पद आहे.

परंतु मल्लाचा एक पोशिंदा या सर्वांहून वेगळा होता. 1952 साली खाशाबा जाधव यांस हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जाण्यास पैसे कमी पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळवणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू होत. पुढे 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले.

मुलास तालमीत घालणाऱ्या पालकांनी हे उदाहरण मनाशी बाळगावे, अशी आमची विनंती आहे. अंगातील रग थोड्याच वर्षांची असते. खाशाबांप्रमाणे तालमीबरोबर शाळा व कॉलेजही चालू ठेवल्यास, आखाडा सुटल्यावर मल्लाच्या हाती पोटापाण्याचे दुसरे साधन राहते. आमच्या मुलांनी सकाळी खुशाल माती अंगास लावावी, आणि अकरा वाजता वेळेवर वर्गात यावे.