कूस बदलणे: हमाली नव्हे, नजरेचे काम
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, ही निव्वळ अंगमेहनत नाही. माकडहाड, खुबा, टाचा इथे हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दबते, रक्तपुरवठा अडतो. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडला नाही, तर इजा झालेली असते; सिस्टरना लगेच सांगावे. सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही, तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा ओळखावा. (अशी जागा तेल लावून चोळणे ही आपली लाडकी चूक!) ‘एअर बेड आहे की,’ असे म्हणतात, पण त्याला ओली चादर दिसत नाही. माणसे कमी, ही अडचण खरी. तरी पाठीला उशी देऊन 30 अंश कलवले तरी खुब्यावरचा भार टळतो. वर सरकवताना मात्र दोघांनी चादरीसकट उचलावे. ओढले की कातडी सोलवटते.