लॅपटॉप पातळ होतो, तेव्हा उष्णता कुठे जाते?

बारावीचा निकाल लागला, की शिक्षकांना हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आता एका प्रश्नाची भर पडली आहे. 'मुलीला अभियांत्रिकीला घालतोय, लॅपटॉप कुठला घेऊ?' मुलांच्या मनात बरेचदा उत्तर तयार असते: पातळ 'गेमिंग लॅपटॉप'. दिसायला वहीसारखा, ताकदीला टेबलावरच्या मोठ्या संगणकासारखा. किंमत मात्र अनेकदा लाख-दीड लाखाच्या पुढे. घरची पुंजी यात घालायची, तर हातात काय पडते आणि काय सोडावे लागते, हे आधी पाहायला हवे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उष्णता येते कुठून?

संगणकावरील खेळात पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० ते १२० वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, नव्याने काढावे लागते. नेहमीच्या १९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर दर वेळी सुमारे २० लाख ७४ हजार ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हे काम दोन चिपा वाटून घेतात: एक मुख्य प्रक्रियक आणि दुसरी खास चित्रांसाठीची ग्राफिक्स चिप. त्यांतले अब्जावधी ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात आणि त्यांना पुरवलेली जवळजवळ सगळी विद्युतऊर्जा अखेर उष्णतेत बदलते. म्हणजे खेळ चालू असताना या दोन चिपा मिळून १५० वॅट घेत असतील, तर आपल्यासमोर १५० वॅटची शेगडीच पेटलेली असते. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा हाताला कसा चटका देई, ते आठवावे. तसे दीड दिवे एका वहीत कोंबायचे आहेत.

बशीतला चहा आणि लॅपटॉप

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो. मग पातळ लॅपटॉप उलट थंड राहायला नको का?' शंका रास्त आहे. पण चहा बशीत पसरतो, त्याचे पृष्ठफळ वाढते. लॅपटॉप पातळ केल्याने त्याची लांबी-रुंदी वाढत नाही, फक्त आतली जागा घटते. शिवाय चहातली उष्णता ठरावीक असते. लॅपटॉपमध्ये ती दर सेकंदाला नव्याने तयार होते.

आता थोडा हिशोब करू. समजा, लॅपटॉप ३८ सेंमी लांब आणि २६ सेंमी रुंद आहे. वरखालच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.२ चौरस मीटर होते. पंखा नसेल, तर अभिसरण आणि प्रारण मिळून दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे, ढोबळमानाने १० वॅट बाहेर जातात. खोली २५ अंश सेल्सिअसवर आणि पृष्ठभाग हाताला सोसेल असा ४५ अंशांवर धरला, तर फरक २० अंशांचा. ०.२ × १० × २० = ४० वॅट. खालची बाजू टेबलाला टेकलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असेल, तर हाच आकडा २० वॅटवर येतो.

उरलेले शंभराहून अधिक वॅट पंख्यांनीच बाहेर काढायचे. हवा आत शिरताना आहे त्याहून बाहेर पडताना २५ अंशांनी अधिक गरम असेल, असे धरू. हवेचा एक ग्रॅम एका अंशाने तापायला सुमारे १ जूल लागतो. म्हणजे १५० वॅटसाठी दर सेकंदाला ६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ५ लीटर हवा त्या पेटीतून वाहिली पाहिजे.

अडचण नेमकी येथे आहे. दोन पत्र्यांमधल्या अरुंद फटीतून हवा संथपणे वाहत असेल, तर दाब तेवढाच ठेवून फट निम्मी केली, की प्रवाह निम्मा नव्हे, एक-अष्टमांश होतो. मग लहान पंखे जोरात फिरवावे लागतात. पंख्याचा वेग दुप्पट केला, की हवा दुप्पट मिळते, पण त्यासाठी आठपट शक्ती लागते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. पातळ गेमिंग लॅपटॉप खेळताना घोंगावतो, याचे कारण हे आहे. पंखेही पुरे पडले नाहीत, तर चिप जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते.

एक नमुना

२०१७ साली आसुस कंपनीने बाजारात आणलेला झेफिरस जीएक्स५०१ हा या ओढाताणीचा उत्तम नमुना आहे. झेफिरस म्हणजे ग्रीक पुराणातला पश्चिमवाऱ्याचा देव. नाव समर्पक होते, कारण सारी रचना वाऱ्यासाठी केलेली होती. जाडी १८ मिलिमीटरच्या आत आणि वजन सव्वादोन किलोच्या आसपास. झाकण उघडले, की तळाचा पत्रा मागच्या बाजूने किंचित खाली उतरे आणि हवेला वाट मिळे. कळफलक पुढच्या कडेला सरकवला होता, म्हणजे तापणारा भाग बोटांपासून दूर राहील.

पण या सोयींची किंमत मोजावी लागलीच. मनगट टेकायला जागा उरली नाही. स्पर्शपट्टी कळफलकाच्या उजवीकडे गेली, म्हणजे डावखुऱ्यांची पंचाईत. बॅटरी ५० वॅट-तासांची. अमेरिकेतील किंमत २६९९ डॉलर.

यातली ग्राफिक्स चिप एन्व्हिडिया कंपनीच्या त्याच वर्षीच्या 'मॅक्स-क्यू' योजनेतली होती. उड्डाण करणाऱ्या अग्निबाणावर हवेचा दाब सर्वाधिक असतो त्या क्षणासाठी अवकाश-अभियंते हा शब्द वापरतात. योजनेमागचे तत्त्व सोपे आहे. चिपला लागणारी शक्ती ही वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग कमी केला, की व्होल्टेजही कमी करता येते. समजा, वेग २० टक्क्यांनी आणि व्होल्टेज १५ टक्क्यांनी घटवले: ०.८ × ०.८५ × ०.८५ = ०.५८. वेगाचा पाचवा हिस्सा सोडला, तर उष्णतेचा दोन-पंचमांशाहून अधिक भार उतरला! पातळ यंत्राचा संसार या सौद्यावर चालतो.

जमा आणि खर्च

जमेची बाजू खरी आहे. वसतिगृह, वर्ग आणि घर यांत फिरणाऱ्या मुलाला दोन किलोचे यंत्र पाठीवर नेता येते. त्याच यंत्रावर त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन किंवा यंत्रशिक्षणाचे प्रयोग करता येतात.

खर्चाची बाजूही तितकीच खरी. ५० वॅट-तासांच्या बॅटरीतून १५० वॅट घेतले, तर ती २० मिनिटांत रिकामी होईल. म्हणून बॅटरीवर चालताना लॅपटॉप आपली ताकद आखडती घेतो. जोरात खेळायचे, तर भिंतीचा प्लग हवाच, आणि त्यासाठीचा जड अ‍ॅडाप्टरही पिशवीत हवा. बॅटरी हवी तेवढी वाढवताही येत नाही, कारण विशेष परवानगीशिवाय विमानात नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतच असते. जागा वाचवण्यासाठी बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी झाळून बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. आणि तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक घेतला, तर तो अधिक वेगवान, अधिक शांत आणि दुरुस्तीला सोपा मिळतो.

पालकांना काय सांगावे?

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नये, वॅट विचारावेत. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची ग्राफिक्स चिप उत्पादकाच्या मर्जीनुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालवता येते. दोन डब्यांवर नाव एकच, पण कामगिरीत मोठा फरक. दुसरी, मुलीला रोज यंत्र नेण्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे. ते टेबलावरच राहणार असेल, तर पातळपणासाठी मोजलेला प्रत्येक रुपया वाया जातो. तिसरी, अभ्यासक्रमाला ग्राफिक्स चिप लागते का, हे महाविद्यालयात विचारावे. प्रोग्रॅमिंग शिकायला, अहवाल लिहायला साधा लॅपटॉप पुरतो आणि वाचलेल्या पैशांत वर्षाचे शुल्क निघू शकते.

वर्गात एक प्रयोगही करता येईल. लॅपटॉपच्या हवा बाहेर पडणाऱ्या फटीजवळ तापमापक धरून दर मिनिटाला नोंद घ्यावी: आधी यंत्र नुसते चालू असताना, नंतर एखादा जड खेळ सुरू करून. मग मागची कड दोन जाड पुस्तकांवर टेकवून, पण खालच्या फटी मोकळ्या ठेवून, तीच मोजणी पुन्हा करावी. पंख्याच्या आवाजातला फरकही टिपावा. आलेखात फरक दिसला, तर मुलांना त्याचे कारण विचारावे. ज्यांना ते सांगता येईल, ती मुले जाहिरातीतला 'पातळ' हा शब्द वाचल्यावर पुढचा प्रश्न दुकानदाराला आपणहून विचारतील.