कांद्यातले तण आणि खुरपणाऱ्या भगिनी

कांदा परतल्याशिवाय आपल्या घरात सालन होत नाही. पण हा कांदा पिकवताना नाशिक, पुणे, अहिल्यानगरच्या शेतांत दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बहुतेक भगिनीच असतात, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

‘तण खाई धन’ ही म्हण कांद्याला फार लागू पडते. त्याची पात उभी आणि अरुंद, त्यामुळे जमिनीवर सावली पडत नाही. मुळेही वरवरची. लागवडीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत तण माजले, की कांदा पोसत नाही.

खुरपणीला माणसे मिळेनात, म्हणून तणनाशक आले. ते उपयोगी आहे, पण एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली-डंडा या तणावर वर्षानुवर्षे एकच औषध मारले गेले. १९९०च्या दशकात ते तण त्या औषधाला दाद देईनासे झाले. आपल्याकडचा लव्हाळाही तसाच चिवट. बी उगवतानाच मारणारे औषध त्याच्या जमिनीतल्या गाठींपर्यंत पोचत नाही.

म्हणून अनेक उपायांची सांगड घालावी लागेल. शेणखत पूर्ण कुजलेले घालावे, नाहीतर खतातूनच तणाचे बी शेतात येते. लागवडीपूर्वी पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि मग वखराची पाळी घालावी. रोपवाटिकेच्या ओल्या वाफ्यावर मे महिन्यात चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लास्टिक अंथरले, तर उन्हाच्या तापाने बरेच बी मरते. पिकांची फेरपालट करावी. गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. एवढे करून गरज उरली, तरच लेबलवर लिहिलेल्या प्रमाणात औषध वापरावे.

अमेरिकेत कॅमेऱ्याने तण ओळखून लेझरने जाळणारी यंत्रे भाजीच्या शेतात उतरली आहेत. एकर-दोन एकरवाल्याला ती कुठून परवडणार? आम्हाला चाकाचे हातकोळपे जवळचे वाटते. कांदा सरळ ओळीत लावला, की ते उभ्याने चालवता येते आणि पाठ वाचते. मात्र ते चालवायला भगिनींनाच शिकवावे. कोळपे आले म्हणून त्यांचा रोजगार जाऊ नये, मजुरीही कमी होऊ नये.

घरातल्या मोठ्यांना आम्ही आणखी एक सांगू. उरलेले तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. पॅराक्वाटसारखे औषध पोटात गेले, तर त्यावर उतारा नाही. ते कुलूप लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.