१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येचे गुणधर्म

प्रस्तावना

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९३० ते १९६२ या काळात देवळाली (जि. नाशिक) येथे शालेय शिक्षक म्हणून काम करीत संख्या सिद्धांतात स्वतंत्र संशोधन केले. त्यांच्या कार्याकडे केवळ गणिती मनोरंजन म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ होती. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून परिचय करून दिल्यानंतर ते जगभर ज्ञात झाले. प्रस्तुत लेखात त्यांनी अभ्यासलेल्या दोन संख्याप्रकारांच्या आधारे एका सतरा अंकी संख्येचा विचार केला आहे.

संख्येची रचना

मुंबईजवळील ज्या रेल्वे स्थानकावर कापरेकरांना कल्पना सुचली, त्याच्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. १, १२१, १२३२१ या त्यांपैकी प्रसिद्ध संख्या होत. याच क्रमातील नववी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग, अर्थात १२३४५६७८९८७६५४३२१.

हा गुणाकार मांडल्यास नऊ एककांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक स्थान डावीकडे सरकत जातात. त्यामुळे स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत वाढतात व पुन्हा १ पर्यंत उतरतात. हातचा कोठेही येत नाही. दहा एककांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर मिळून सममिती भंग पावते.

अवयव

१११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७; यातील ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून प्रस्तुत संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² इतकी असून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ आहेत. ती पूर्ण वर्ग असल्याने विभाजकांची संख्या विषम येते.

हर्षद गुणधर्म

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे म्हटले. हातचा नसल्यामुळे येथे अंकांची बेरीज ९ × ९ = ८१ होते. ३⁴ = ८१ हा अवयव असल्याने संख्या हर्षद ठरते; भागाकार १२३४५६७९² येतो.

हा योगायोग आहे काय? न एककांच्या संख्येचा वर्ग (न ≤ ९) घेतल्यास अंकांची बेरीज न² असते. म्हणून हर्षद होण्यासाठी मूळ संख्येस न ने भाग जाणे आवश्यक व पुरेसे आहे. ती संख्या १ ने संपत असल्याने २, ४, ५, ६, ८ बाद होतात. सात एककांच्या संख्येस ७ ने भागल्यास बाकी १ उरते. परिणामी पहिल्या नऊंपैकी केवळ १, १२३२१ व १२३४५६७८९८७६५४३२१ याच हर्षद आहेत.

समारोप

दहा-बारा अंकी गणकयंत्रावर ही संख्या मावत नाही; तथापि विभाज्यतेच्या शालेय नियमांनी तिचा निर्णय होतो. पदवी वर्गात संख्या सिद्धांत शिकविताना उदाहरणाकडून सिद्धतेकडे जाण्याचा हा मार्ग विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त ठरतो. कापरेकरांच्या संख्या ‘गंमत’ म्हणून बाजूला ठेवल्यास नेमका हाच मार्ग दुर्लक्षित राहतो.