मुलीचें जुनें नांव

बारावा दिवस उजाडतो, पाळण्याला फुलांच्या माळा बांधून होतात, घुगऱ्या शिजतात, बाळाच्या कानांत 'कुर्र' करण्यासाठीं आत्याबाई सज्ज होऊन बसतात, आणि तरीहि नांवाचा निकाल लागलेला नसतो! नागपुरांत महालांत काय, धरमपेठेंत काय, असा प्रसंग कोणत्या घरानें पाहिला नसेल? एके काळीं आजोबा पंचांग उघडून हा निकाल क्षणांत देत. आज आईबापांपुढें नांवांचीं पुस्तकें असतात, दूरदूरच्या आप्तांच्या सूचना असतात आणि शेजारीं कोणाचेंहि नसेल असें नांव हुडकण्याची हौस असते. या हौसेचा कंटाळा येऊन म्हणा किंवा तिच्याच पोटीं म्हणा, पणजीचें नांव ठेवूं असें म्हणणारे आईबापहि आतां आढळतात. ज्या नांवांना त्यांच्या आयांनीं नाकें मुरडलीं, तींच त्यांना गोड वाटूं लागतात. लुगड्याच्या काठांचेंहि असेंच होतें. आईच्या पिढीचें नांव शिळें वाटतें, पणजीच्या पिढीचें जुनें वाटतें. आणि शिळें व जुनें यांत पुष्कळ अंतर आहे.

परंतु पणजीचें नांव कोणतें? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दिवाणखान्यांतील तसबिरीखालीं जें नांव लिहिलेलें असतें, तें बहुधा सासरचें. लग्नांत तांदळानें भरलेलें ताट पुढें येई, नवरदेव अंगठीनें त्यांत वधूचें नवें नांव लिही, आणि आठ-दहा वर्षें ज्या हांकेला ती मुलगी 'ओ' देत आली, ती हांक त्या दिवशीं संपे. नवें नांव निवडण्याचीं कारणें नाना प्रकारचीं असत. थोरल्या जावेचें नांव तेंच, म्हणून बदल. नणंदेचें तेंच, म्हणून बदल. नवऱ्याच्या नांवाशीं जोड जमावी, म्हणूनहि बदल. वधूची आवड हें कारण मात्र क्वचितच.

ज्यांचीं नांवें महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत, त्या स्त्रियांचीहि हीच कथा आहे. अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी जन्मल्या त्या यमुना म्हणून. रमाबाई रानडेहि माहेरीं यमुनाच होत्या. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई या माहेरच्या तापी. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, तेव्हां गोदावरीची आनंदी झाली. लोकांनीं पुढें त्यांना बाया कर्वे म्हटलें. 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांनीं पतीबरोबर कांहीं काळ नागपुरांतहि संसार केला, त्या बालपणीं मनकर्णिका होत्या. नारायणाची लक्ष्मी आणि माधवरावांची रमा, असा हा जोडीचा हिशेब.

या पांच नांवांकडे पुन्हा एकदां पाहावें. यमुना, यमुना, तापी, गोदावरी : चार नद्या, आणि पांचवी मनकर्णिका, तीहि काशीच्या गंगेकांठची. गंमत अशी कीं, नदीचें नांव धारण करणाऱ्या मुलीशीं विवाह करूं नये, असें मनुस्मृतीचें सांगणें आहे. नक्षत्राचें आणि वृक्षाचें नांवहि तिला वर्ज्य आहे. तरीसुद्धां महाराष्ट्रांतील घरें गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, भीमा यांनीं भरून वाहात होतीं. बापानें शास्त्रापेक्षां नदीला अधिक मान दिला, आणि सासरच्यांनीं नदी ओलांडून तिची देवी केली. मुलीचें नांव उच्चारावयास सोपें, अर्थानें स्पष्ट, कानाला गोड आणि शेवटीं दीर्घ स्वर असलेलें असावें, हा त्याच स्मृतींतला उपदेश मात्र आजहि कोणी नाकारणार नाहीं. गृह्यसूत्रांत तर मुलीच्या नांवांत विषम अक्षरें असावींत असाहि नियम आहे. रुक्मिणी त्यांत बसते. दमयंती बसत नाहीं. विदर्भाच्या राजानें कन्येचें नांव ठेवतांना अक्षरें मोजलीं नसावींत.

विदर्भाचा उल्लेख आलाच आहे, तर नागपूरकरांनीं जुन्या नांवासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. वर्धा नदीच्या तीरावरील कौंडिण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर मानलें जातें. तीच मराठींत रखुमाई झाली आणि घराघरांत रखमा होऊन नांदली. दमयंती विदर्भाची. महाभारतांतील कथेप्रमाणें अगस्त्याची लोपामुद्रा विदर्भाच्या राजवाड्यांत वाढली. कालिदासाची इंदुमती आणि मालविका याहि विदर्भाच्याच राजकन्या. यांतील रुक्मिणीनें कृष्णाला स्वतः निरोप धाडून वर निवडला. दमयंतीनें तर नळाचें रूप घेऊन बसलेल्या देवांना बाजूला सारून नळाच्याच गळ्यांत माळ घातली. आणि यांपैकीं एकीचेंहि नांव लग्नानंतर बदलल्याचें कोणत्याहि कथेंत नाहीं.

पुराणांतील साक्ष अपुरी वाटत असेल, तर ताम्रपटांतील घ्यावी. रामटेकजवळचें आजचें नगरधन म्हणजे वाकाटकांचें नंदिवर्धन. तेथें चवथ्या शतकाच्या अखेरीस व पांचव्याच्या आरंभीं प्रभावतीगुप्ता या राणीनें, पति दुसरा रुद्रसेन निवर्तल्यावर, अल्पवयी पुत्रांच्या वतीनें राज्य चालविलें. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. आपल्या दानपत्रांत ती पित्याची वंशावळ सांगते, नांवांत गुप्त हा शब्द राखते, आणि गोत्रहि पित्याचेंच, म्हणजे धारण, देते. पतीचें गोत्र विष्णुवृद्ध होतें. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं नागपूरपासून थोड्याच कोसांवर राज्य करणारी एक स्त्री विवाहानंतरहि माहेरचें नांव व गोत्र तांब्यावर कोरविते, हें आजच्या नागपूरकर आईबापांनीं ध्यानांत घेण्यासारखें आहे. प्रभावती हें नांव लांबलचक वाटलें, तर हांक मारावयास प्रभा आहेच.

जुनें तें सगळेंच सोनें, असें मात्र नव्हे. नागपूरच्या भोसल्यांच्या घराण्यांत बाकाबाई ही मोठी कर्तबगार राणी होऊन गेली. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, शहरांतून निघणारी काळी मारबत तिच्याच नांवाशीं लोकांनीं जोडली आहे. तिनें इंग्रजांची बाजू घेतली हा तिच्यावरील ठपका. इतिहासाचा न्याय कांहींहि असो, हें नांव पाळण्यांत ठेवण्याचें धैर्य नागपुरांत कोणी करील असें वाटत नाहीं. याच्या उलट 'जाई' घ्यावें. जाईबाई चौधरी यांनीं १९२२ सालीं नागपुरांत संत चोखामेळ्याच्या नांवानें दलित मुलींसाठीं शाळा काढली. एवढें लहान, फुलाचें नांव. पण त्यामागें केवढें काम उभें आहे! नांव शोधतांना अर्थ कोशांत पाहावा, तसें तें वागविणाऱ्या बाईकडेहि पाहावें.

आणखी एक जुनी जात आहे, ती कोणीहि पुन्हा उचलूं नये. मुलीवर मुली झाल्या कीं शेवटचीला 'नकोशी' म्हणावयाचें. अशा नांवाच्या अडीचशेंहून अधिक मुलींना सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. नांव बदलल्यानें आनंद झाला अशी हकीकत बायकांच्या इतिहासांत विरळा. ही त्यांतली एक.

आजी हयात असतां तिचेंच नांव नातीला ठेवावें काय, हा घरगुती पेंच निराळाच. सासूचें नांव सुनेनें उच्चारूं नये, ही चाल आतां सैल झाली आहे खरी, तरी "गोदे, किती हा पसारा!" असें लेकीवर ओरडावें आणि पलीकडच्या खोलींतून सासूबाईंनीं "काय ग झालें?" म्हणून विचारावें, हें कोणालाच सुखाचें नाहीं. अशा घरांत हांकेचें नांव वेगळें ठेवतात, आणि तेंच शहाणपणाचें.

घाई करण्याचें कारणहि नाहीं. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. पण नांव त्याच वेळीं लिहिलें पाहिजे असें नाहीं. तें पुढील १२ महिन्यांत विनाशुल्क घालतां येतें, आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एवढ्या अवधींत पणजीच्या माहेराकडील वडीलधाऱ्या माणसांकडे एक फेरी सहज होईल. वंशावळी धुंडाळून उपयोग थोडा, कारण त्यांत बायका सांपडल्याच तर बहुधा सासरच्या नांवानें सांपडतात. पणजीला "ताई" म्हणणारी तिची धाकटी बहीण, किंवा त्या बहिणीची लेक, हाच खरा दप्तरखाना. आणि तो फार दिवस उघडा राहणारा नसतो.

नोंदणीच्या कागदावर आतां आणखी एक गोष्ट आली आहे. १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या अपत्याचें नांव शासकीय कागदपत्रांत लिहितांना महाराष्ट्रांत आधीं अपत्याचें, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव, असा क्रम ठरला आहे. तेव्हां निवडलेलें जुनें नांव आईच्या नांवाला लागून चार वेळां मोठ्यानें म्हणून पाहावें; दोन्ही एकमेकांना अडखळत असतील तर तें कानालाच कळेल. आणि फेरींत पणजीचें माहेरचें नांव हातीं लागलें, तर तें पाळण्यांत ठेवलें जावो वा न जावो, दिवाणखान्यांतली ती तसबीर उतरवून सासरच्या नांवाशेजारीं तेंहि लिहून ठेवावें.