लिव्हरपूलच्या बंदरातील एकोणचाळीस वर्षे

१७९० साली अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियाचे तंबाखूचे व्यापारी जेम्स मॉरी यांस लिव्हरपूल बंदरी अमेरिकेचे वाणिज्यदूत नेमले, तेव्हा त्यांच्या हाती सनद पडली, पण तनखा पडला नाही. १७९२ च्या कायद्यानेही उत्तर आफ्रिकेच्या बार्बरी किनाऱ्यावरील दूतांखेरीज कोणास वेतन बांधून दिले नाही. दस्तऐवजावर मोहोर उठविल्याबद्दल दोन डॉलरची दस्तुरी, असा फुटकळ मोबदला एवढाच काय तो हक्क. त्याच साली कलकत्त्यास नेमलेल्या बेंजामिन जॉय यांना तर कंपनी सरकारने दूत म्हणून मान्यताही दिली नाही.

वादळात माल भिजलेल्या जहाजाचा कप्तान किनाऱ्यास उतरला, की दूताच्या दप्तरी येऊन आपली कैफियत नोंदवी. पुढे १८०३ पासून, जहाज बंदरात असेपर्यंत त्याचे नोंदणीपत्र दूताच्या ताब्यात ठेवणे कप्तानावर बंधनकारक झाले.

परंतु या अधिकाराची खरी कसोटी लागे ती निराधार खलाशांच्या बाबतीत. आजारी पडलेला, जहाज फुटल्यामुळे उघडा पडलेला किंवा परमुलखात मागे राहिलेला खलाशी दाराशी आला, म्हणजे १७९२ च्या कायद्यानुसार दिवसाला सरासरी बारा सेंटांच्या मर्यादेत त्याच्या अन्नवस्त्राची तजवीज करावयाची, आणि मायदेशी निघालेल्या कप्तानास, शंभर टनांमागे दोन माणसे या प्रमाणात, त्याला फुकट नेण्यास भाग पाडावयाचे. इंग्रजी आरमाराने अमेरिकन खलाशांना बळजबरीने जहाजावर चढविले, तर त्यांच्या सुटकेसाठी अर्जविनंत्याही करावयाच्या.

आणि एखादा अमेरिकन परमुलखातच, जवळ वारस नसताना, निवर्तला तर? दोन व्यापाऱ्यांच्या साक्षीने त्याची पेटी उघडावयाची, सदरा, बूट, चाकू, राहिलेली नाणी यांची यादी करावयाची, नासणारी चीजवस्तू लिलावात विकून देणी भागवावयाची, आणि वर्षभरात वारस न आल्यास उरलेली रक्कम सरकारी खजिन्यात पाठवावयाची. शेकडा पाच हा या कामाचा मोबदला. एका अनोळखी माणसाच्या फाटक्या सदऱ्याचीही नोंद ठेवणाऱ्या या व्यवस्थेचे मोल मला मोठमोठ्या तहनाम्यांहून अधिक वाटते.

१८२९ मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांच्या राजवटीत मॉरी यांना पदावरून दूर करण्यात आले. अनेक वाणिज्यदूतांना वेतन लागू करणारा कायदा १८५६ साली झाला.