पडायची परीक्षा

मराठीत ‘तोंडघशी पडणे’ म्हणजे फजिती. जपानी ज्युजुत्सूच्या पहिल्या पट्ट्यासाठी मात्र बहुतेक दोजोंमध्ये, म्हणजे तिथल्या तालमींमध्ये, आधी पडूनच दाखवावं लागतं. पाठीवर पडा, डाव्या कुशीवर पडा, उजव्या कुशीवर पडा, खांद्यावरून कोलांटी घ्या आणि हो, तोंडघशीही पडा. या विद्येचं नाव ‘उकेमी’. ‘उके’ म्हणजे झेलणं, ‘मी’ म्हणजे अंग. समोरून येणारी जमीन अंगावर झेलायची!

जरा हिशेब मांडू. ‘ओ-गोशी’ नावाच्या डावात प्रतिस्पर्ध्याला कमरेवर घेऊन टाकतात. टाकलेला माणूस साधारण एक मीटरवरून खाली येतो. त्याला अर्धा सेकंदही लागत नाही, पण मॅटला टेकताना वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग १ सेंटिमीटरात थांबला, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १०० पट हिसका बसेल. तोच १० सेंटिमीटरांत थांबला, तर १० पट. हाडं शाबूत राहतात ती या मधल्या ९ सेंटिमीटरांमुळे. त्यातले थोडे मॅट देते. उरलेले आपले आपण कमवायचे: डोलखुर्चीच्या पायांसारखी पाठ गोल करून, एकदम आपटण्याऐवजी लवंडत जाऊन.

पडता पडता हाताने मॅटवर सणसणीत थाप मारायची असते. नवख्याला ती निव्वळ नाटकी वाटते. पण आपली उपजत खोड आठवा. पाय घसरला की हात पुढे जातो, सगळं वजन एवढ्याशा तळहातावर येतं आणि मनगट मोडतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात हे कुणी पाहिलेलं नाही? थाप मारताना खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात एकदम टेकतो, तोही शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, म्हणून भार पसरतो. माझ्या मते थापेचा याहून मोठा फायदा असा, की घाबरलेल्या हाताला ती भलतीकडे जाऊ देत नाही, त्याला कामाला लावते.

डोक्याची काळजी तर फारच सोप्या युक्तीने घेतात. शिक्षक सांगतात, ‘पडताना आपल्या पट्ट्याची गाठ बघ.’ गाठ बघायला गेलं की हनुवटी आपोआप छातीला लागते आणि डोकं मागे आपटत नाही. ज्या पट्ट्यासाठी एवढी धडपड, तोच कवटी वाचवतो. (धडपड हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा.)

गंमत म्हणजे जुन्या ज्युजुत्सूत पट्ट्याच्या रंगाला काही अर्थच नव्हता. १५३२ साली सुरू झालेली ताकेनोउची-र्‍यू ही या विद्येची फार जुनी शाळा. समोरचा चिलखतात असेल तर ठोसे मारून आपलीच बोटं मोडायची, म्हणून पकड, फेक आणि सांध्यांची मोड असे डाव घोटले गेले. शिष्य तयार झाला की त्याला गुंडाळीवर लिहिलेला दाखला मिळे. ज्युजुत्सू शिकलेल्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात ज्युदो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला ‘दान’ दिला. ही श्रेणी ‘गो’ या पटावरच्या खेळातून उचललेली. काळा पट्टा त्यानंतर आला. रंगीत पट्टे १९३० च्या दशकात मिकिनोसुके कावाइशी यांनी पॅरिसमध्ये रूढ केले. ज्युदो ही ज्युजुत्सूची लेक म्हटली, तर आज आई कमरेला बांधते तो पट्टा लेकीच्या घरून आलेला आहे.

परीक्षेत फेकीही असतातच. ‘ओ-सोतो-गारी’ हे नाव घ्या. ‘ओ’ मोठी, ‘सोतो’ बाहेरून, ‘गारी’ म्हणजे कापणी, शेतात पिकाची होते तीच. समोरच्याचा पाय विळ्यासारखा आपला पाय फिरवून कापायचा. पण आधी त्याचा तोल त्याच पायाच्या टाचेवर न्यावा लागतो. हे ‘कुझुशी’, म्हणजे ढासळवणं. ते साधलं की बारीक चणीची मुलगीही धिप्पाड गडी पाडते. नाही साधलं तर दोघं नुसतीच झोंबत राहतात. तयारीचा वेळ ताकदीपेक्षा कुझुशीवर घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेकणारा तो ‘तोरी’, पडणारा ‘उके’. जमिनीकडे जाणाऱ्या उकेची बाही तोरी शेवटपर्यंत सोडत नाही; ऐन टेकण्याच्या क्षणी ती वर ओढून धरतो, म्हणजे उकेचं डोकं आणि खांदा सावरला जातो. म्हणून परीक्षेत जोडीदार कोण, हे महत्त्वाचं. त्याच्यासोबत महिना-दीड महिना आधीपासून सराव करा, डावांची जपानी नावं पाठ करा, नखं कापा, आणि पडताना श्वास सोडायला विसरू नका.

आणि एक विनंती. हे वाचून लगेच घरच्या फरशीवर पडून बघू नका. त्या ९ सेंटिमीटरांतला एकही फरशी देत नाही.